पोलादी पुंगळीचा हिशेब

बंदूक एकदा घेतली की घेतली. काडतुसांचा खर्च मात्र किराण्यासारखा दर महिन्याला दारात उभा राहतो. टेक्सासात स्थायिक झाल्यावर मला रेंजवर जायचा नाद लागला तेव्हा दुकानातल्या फळीवर दोन ढीग दिसायचे. एक पिवळ्या चकचकीत पितळी काडतुसांचा, दुसरा राखाडी किंवा शेवाळी रंगाच्या पोलादी काडतुसांचा. दुसऱ्या ढिगाची किंमत पहिल्याच्या जवळपास दोनतृतीयांश. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, खुशाल वापरा. रेंजवर शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना विचारलं तर म्हणाले, बंदुकीची वाट लावायची असेल तर वापरा.

माझं बालपण वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत गेलं. तिथे लहान शस्त्रांची काडतुसं बनतात, आणि वडिलांची सगळी नोकरी तिथेच झाली. काडतुसाची पुंगळी म्हणजे पितळेची, सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, हे माझ्या कानावरून इतक्या वेळा गेलं होतं की पोलादी पुंगळी मला आधी भेसळच वाटली. ती भेसळ नाही. पण दुकानदाराचं म्हणणंही पुरतं खरं नाही आणि शेजारच्या गृहस्थांचंही नाही. एवढ्या वर्षांत जे हाताला लागलं ते लिहितो.

१. पुंगळीचं काम नुसतं दारू भरून ठेवायचं नसतं

चाप ओढला की पुंगळीच्या बुडाशी बसवलेली टोपी पेटते, दारू जळते आणि वायूचा प्रचंड दाब तयार होतो. त्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि मागची वाट बंद करते. गोळी नळीबाहेर पडली, दाब उतरला की पुंगळीने पुन्हा किंचित आक्रसायला हवं, म्हणजे ती सहज ओढून काढता येते. पितळ ही दोन्ही कामं सुरेख करतं. पोलाद पितळेच्या जवळपास दुप्पट ताठ. पुंगळीसाठी वापरतात ते मऊ पोलाद असतं, पण तेही पितळेइतक्या तत्परतेने फुगत नाही आणि फुगल्यावर तितकं मागेही येत नाही. त्यामुळे थोडा वायू पुंगळीच्या बाजूने मागे निसटतो आणि जाताना चेंबरमध्ये काजळी सोडून जातो.

पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत आहे. ती समजली की पोलादी काडतुसाबद्दल ऐकू येणाऱ्या निम्म्या गप्पा आपोआप गळून पडतात.

२. कोणती बंदूक, हे आधी विचारा

पोलादी पुंगळी हा कुठल्या तरी गरीब कारखान्याचा जुगाड नव्हे. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची ओढाताण झाली तेव्हा जर्मनीने लाखेचा थर दिलेल्या पोलादी पुंगळ्या सर्रास वापरल्या. अमेरिकेनेही वापरल्या. इंडियाना राज्यातल्या एव्हान्सव्हिलला क्रायसलर या मोटार कंपनीने चालवलेल्या कारखान्यात .४५ पिस्तुलाची तीन अब्जांहून अधिक काडतुसं झाली, आणि त्यातली बरीचशी पोलादी होती. (त्याच टंचाईपायी १९४३ साली अमेरिकेचं एक सेंटचं नाणंसुद्धा पोलादाचं निघालं होतं.) युद्ध संपल्यावर अमेरिका पितळेकडे परतली, सोव्हिएत संघ पोलादावरच राहिला.

राहिला म्हणजे त्यांनी बंदुकाच त्या हिशेबाने घडवल्या. कलाश्निकोव्हचं ७.६२×३९ काडतूस हातात घेऊन पाहा. बुडाकडून तोंडाकडे ते ठळकपणे निमुळतं होत जातं. अशी पुंगळी जरा मागे सरकली की चेंबरच्या भिंतीपासून सगळीकडून एकदम सुटते. शिवाय त्या रायफलीचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळीची कड पकडून ओढणारी आकडी, चांगली दणकट असते आणि चेंबरही सैलसर. माझ्याकडे रुमानियातल्या कुगिर कारखान्याची या घराण्यातली रायफल आहे. तिला मी पितळी काडतूस देतच नाही. तिला त्याची गरज नाही.

एआर-१५ या अमेरिकन रायफलीची गोष्ट वेगळी. तिचं .२२३ काडतूस जवळजवळ सरळ भिंतीचं आहे. ते सुटताना बऱ्याच लांबीपर्यंत भिंतीला घासत येतं, आणि त्यात वर सांगितलेली काजळी. त्यातही चेंबर ५.५६ नाटो मापाचं असेल तर बऱ्यापैकी निभावतं. स्पर्धेसाठी मुद्दाम घट्ट ठेवलेलं .२२३ चेंबर असेल तर पोलादाच्या वाटेला जाऊच नये. चेंबरचं माप बहुतेक नळ्यांवर कोरलेलं असतं. काडतुसांचं खोकं घेण्याआधी ते वाचायला अर्धं मिनिट लागतं.

आणखी एक. पोलादी .२२३ काडतुसं अनेकदा जरा मवाळ भरलेली असतात. काही रायफलींत मागे येणारा वायू यंत्रणा पुरती ढकलायला कमी पडतो, मागे-पुढे सरकणारा बोल्ट अर्ध्यातून परत फिरतो आणि पुढचं काडतूस उचललंच जात नाही. मग लोक मॅगझिन बदलतात, स्प्रिंग बदलतात. आधी काडतूस बदलून पाहावं.

३. लाख वितळत नाही

रेंजवरची ही सर्वांत लाडकी दंतकथा: शेवाळी पुंगळ्यांवरची लाख गरम चेंबरमध्ये वितळते, थंड झाल्यावर गोंदासारखी बसते आणि पुढची पुंगळी चिकटते. सांगणारा एवढ्या खात्रीने सांगतो की जणू त्याने चेंबरमध्ये डोकावून पाहिलंय. आता बऱ्याच रशियन काडतुसांवर लाखेऐवजी राखाडी पॉलिमरचा थर असतो. तक्रार तरी तीच. थर बदलला आणि दुखणं बदललं नाही, यातच काय ते आलं.

चिकटवते ती काजळी. त्याचा नमुना मी शेजारच्याच टेबलावर पाहिला. एका तरुणाने सकाळभर पोलादी काडतुसं झाडली, मग बॅगेत पितळी खोकं सापडलं म्हणून तीच बंदूक तशीच पुढे चालू ठेवली. पितळ मन लावून फुगलं, काजळीच्या थरात रुतलं आणि तिथेच बसलं. एक्स्ट्रॅक्टरने पुंगळीची कड थोडी फाडली, पुंगळी आत तशीच. त्याने सगळा दोष त्या पितळी काडतुसाच्या माथी मारला.

म्हणून माझा नियम: पोलादाकडून पितळेकडे जायचं तर मध्ये चेंबर ब्रश मारायचा. चेंबरचा ब्रश नळीच्या ब्रशपेक्षा जाड असतो आणि वेगळा विकत घ्यावा लागतो. पाच मिनिटांचं काम आहे. उलट दिशेने, पितळेकडून पोलादाकडे जाताना, मला तरी कधी अडचण आलेली नाही.

पुंगळी अडकलीच तर घाई नको. नळीचं तोंड मातीच्या बांधाकडे, मॅगझिन बाहेर, बोट चापापासून दूर. झाडलेली रिकामी पुंगळीच अडकली आहे याची पक्की खात्री असेल तरच तोंडाकडून सळई घालून ती ठोकून काढता येते. आत जिवंत काडतूस असण्याची शंका जरी असली तरी सळईला हात लावायचा नाही. रेंज ऑफिसरला बोलवायचं आणि पुढचं काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.

४. झीज होते, पण पुंगळीने नव्हे

या एका मुद्द्यावर मी सर्वांत जास्त वाद घातले आहेत.

लोकांचं म्हणणं असतं की पोलादावर पोलाद घासून एक्स्ट्रॅक्टर झिजतो. थोडा झिजतही असेल. पण तो कडक केलेल्या पोलादाचा असतो, पुंगळी मऊ पोलादाची; आणि झिजलाच तर सुटा भाग थोडक्या पैशांत मिळतो. खरा खर्च पुंगळीच्या पुढे बसलेल्या गोळीत आहे. पितळी काडतुसाच्या गोळीला सहसा शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं. स्वस्त रशियन गोळीचं आवरण पोलादाचं असतं आणि त्यावर तांब्याचा पातळ मुलामा. याला बायमेटल म्हणतात. दिसायला तांब्याचं, पण नळीतल्या आट्यांना ते तांब्याच्या आवरणापेक्षा कितीतरी जास्त घासतं.

लकी गनर या काडतुसं विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१३ च्या सुरुवातीला याची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. बुशमास्टरच्या चार सारख्या एआर-१५ घेतल्या. एकीत फेडरलची पितळी काडतुसं, बाकी तिघींत वुल्फ, ब्राउन बेअर आणि तुला या तीन पोलादी जाती. प्रत्येकीतून दहा हजार काडतुसं झाडायचा बेत होता. पितळेवरची रायफल एकदाही अडली नाही. वुल्फ आणि ब्राउन बेअरवरच्या थोड्याफार अडल्या. तुलावरची इतकी अडखळली की तिला मध्येच बाजूला ठेवावं लागलं. पण लक्षात ठेवण्यासारखं पुढे आहे: उरलेल्या दोन पोलादी काडतुसांवरच्या नळ्या सहा हजारांच्या आसपास झिजून गेल्या, गोळ्या लक्ष्यावर आडव्या पडू लागल्या. पितळेवरची नळी दहा हजारांनंतरही कामाची होती.

इथवर वाचून बरेच जण पोलादी काडतुसांचा नाद सोडतात. त्यांनी जरा थांबून आकडेमोड करावी. एका काडतुसामागे दहा सेंट वाचत असतील तर सहा हजारांमागे सहाशे डॉलर वाचतात. साधी चांगली नळी त्याहून बऱ्याच कमी पैशांत येते. म्हणजे नळी फेकून नवी बसवली तरी खिशात पैसे उरतात, आणि चाचणी घेणाऱ्यांचा निष्कर्षही साधारण हाच होता. शिवाय त्यांनी बंदुका भराभर, नळी चांगली तापवत चालवल्या होत्या. तापलेली नळी लवकर झिजते. माझ्यासारखा शनिवारी जाऊन निवांत, एकेक नेम धरून झाडणारा माणूस सहा हजारांचा पल्ला कधी गाठणार?

तरी माझं मत असं: नळी सहज बदलता येते अशा बंदुकीत बायमेटल गोळी वापरायला हरकत नाही. जुन्या, वारशाने आलेल्या किंवा जिची नळी मिळणं मुश्कील आहे अशा रायफलीत वापरू नये. तिथे दहा सेंट वाचवणं हा शुद्ध चिंधीपणा.

५. खिशात चुंबक ठेवा

बंदिस्त रेंजवर गेलात तर काउंटरवरचा माणूस तुमच्या काडतुसाला चुंबक लावून पाहतो. चिकटलं तर प्रवेश नाही, किंवा त्यांचीच काडतुसं विकत घ्या. मला आधी ही दुकानदारी वाटली, आणि थोडी आहेही, कारण जमिनीवर पडलेल्या पितळी पुंगळ्या रेंजवाले गोळा करून विकतात आणि पोलादी मिसळल्या की निवडत बसावं लागतं. पण गोळीला चुंबक लावून पाहण्यामागचं कारण खरं आहे. पोलादी आवरण मागच्या लोखंडी भिंतीवर आदळून ठिणग्या उडवतं आणि ती भिंतही लवकर खराब करतं.

म्हणून चुंबक दोनदा लावायचा, एकदा पुंगळीला आणि एकदा गोळीच्या टोकाला. दोन्हींचं उत्तर वेगळं येऊ शकतं. काही पितळी काडतुसांतही बायमेटल गोळी असते. उलट हॉर्नाडीच्या स्टील मॅचसारख्या काडतुसांत पुंगळी पोलादी आणि गोळी तांब्याच्या आवरणाची. रंगावर तर अजिबात जाऊ नये. रशियातल्या बार्नाउलच्या कारखान्याचं गोल्डन बेअर पिवळंधमक दिसतं, पण तो पोलादावरचा पितळी मुलामा आहे.

उघड्या रेंजवर ठिणगीचा प्रश्न आणखी गंभीर. अमेरिकेच्या वनखात्याच्या संशोधकांनी २०१३ मध्ये रायफलच्या गोळ्या पोलादी पत्र्यावर झाडून पाहिल्या. ज्यांच्या गाभ्यात किंवा आवरणात पोलाद आहे त्या, आणि निव्वळ तांब्याच्या गोळ्या, खाली ठेवलेल्या कोरड्या सेंद्रिय पदार्थाला आग लावू शकतात असं त्यांना आढळलं. टेक्सासात ऑगस्टमध्ये गवत करपलेलं असतं आणि काउंट्यांनी उघड्यावर काही जाळायला बंदी घातलेली असते. त्या दिवसांत मी बायमेटल घराबाहेर काढत नाही, रेंजवाल्याने विचारो न विचारो.

६. पिस्तुलाला फारसं वावडं नाही

नऊ मिलिमीटरचं काडतूस थोडं निमुळतं आहे, दाब रायफलपेक्षा बराच कमी, आणि बहुतेक आधुनिक पिस्तुलं ते तक्रार न करता पचवतात. .४५ च्या जुन्या घाटाच्या, घट्ट बसवलेल्या पिस्तुलांत मात्र खळखळ होते. रिव्हॉल्व्हरमध्ये झाडलेल्या सगळ्या पुंगळ्या एकदम हाताने ढकलायच्या असतात, तिथे पोलाद अंगठा दुखवतं. पिस्तुलाचं माहितीपुस्तक आधी वाचा; काही उत्पादक पोलादी काडतुसांना स्पष्ट नकार देतात, आणि मग हमीचा प्रश्न येतो.

७. पितळेची रिकामी पुंगळी हाही पैसा आहे

दोन खोक्यांच्या किमतीतला फरक पाहताना हे विसरलं जातं. पितळी पुंगळीत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ती अनेकदा वापरता येते. पोलादी पुंगळी तत्त्वतः भरता येते, पण करत कोणी नाही. रशियन काडतुसांत सहसा बर्डन पद्धतीची टोपी असते. पुंगळीच्या बुडाला आतून दोन बारीक भोकं असतात, त्यामुळे बॉक्सर पद्धतीसारखी मधोमध सुई घालून जुनी टोपी ढकलता येत नाही. जो स्वतः काडतुसं भरतो त्याच्यासाठी पोलादी काडतुसाचा स्वस्तपणा बराच आटतो. जो भरत नाही, आणि मी भरत नाही, त्याला फरक पडत नाही. मी पितळ गोळा करून भरणाऱ्या मित्राला देतो. वडिलांना हे कळल्यावर तेवढ्यापुरतं त्यांना माझं वागणं पटलं.

८. जुनं लष्करी आणि नवं स्वस्त यांत गल्लत नको

जुन्या साम्यवादी देशांच्या कोठारांतून आलेली काडतुसंही बहुतेक पोलादीच, शिवाय आणखी स्वस्त असायची. त्यांच्या टोपीत सहसा पोटॅशियम क्लोरेट असतं. जळल्यावर मागे क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि नळी गंजायला लागते. ह्यूस्टनच्या दमट हवेत तर बघायलाच नको. तेलाने हा क्षार जात नाही, पाण्याने जातो: आधी गरम पाणी, मग कोरडं पुसणं, मग तेल, तेही त्याच दिवशी. आजच्या व्यापारी रशियन काडतुसांच्या टोप्या अशा नसतात. खोक्यावर पाहून घ्यावं आणि शंका असली तर पाणी वापरावं, पाण्याने बिघडत काही नाही.

९. जीव वाचवायला ठेवलेल्या बंदुकीत स्वस्त काडतूस नको. यावर चर्चा नाही.

१०. स्वस्ताई राजकारणावर उभी असते

१९९४ मध्ये अमेरिकेत चिनी बंदुका आणि काडतुसांची आयात बंद झाली. एप्रिल २०१४ मध्ये ५.४५×३९ चं पोलादी गाभ्याचं ७एन६ हे रशियन काडतूस चिलखतभेदी ठरवून थांबवलं गेलं. स्वस्तात झाडता येतं एवढ्यासाठी ती रायफल घेतलेल्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. आणि २० ऑगस्ट २०२१ ला, रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगाला वर्ष झालं त्या दिवशी, अमेरिकेने रशियावर नवे निर्बंध जाहीर केले. ७ सप्टेंबरपासून रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने बंद. आधी दिलेले परवाने चालू होते म्हणून माल लगेच आटला नाही, पण भाव त्याच आठवड्यात उसळले. महासाथीच्या टंचाईने ते आधीच चढलेले होते.

माझ्या आधीच्या सगळ्या आकडेमोडीला तेव्हा धक्का बसला. पूर्वी वीस सेंटच्या आसपास मिळणारं पोलादी काडतूस पितळेच्या इतकं जवळ आलं की फरक दोन-चार सेंटांवर उरला. मग ते घेण्यात अर्थ काय? काजळी, चुंबक, ब्रश, वेगळी रेंज हे सगळं दोन सेंटांसाठी कोण करील? आता .२२३ आणि नऊ मिलिमीटर मी पितळीच घेतो. ७.६२×३९ पोलादीच घेतो, कारण त्या रायफलीला पितळेने काही जास्त मिळत नाही. एका काडतुसामागे निदान सहा-सात सेंट वाचत नसतील तर पोलादी खोकं उचलायचं नाही, ही माझी सीमारेषा. तुमची वेगळी असेल.

११. आपल्या लोकांसाठी, काडतूस कुठलंही असो

एक नागपूरकर मित्र एच-१बी वर आहे. त्याला रेंजवर यायचं होतं, मी नाही म्हटलं, त्याला राग आला. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही बाळगायला मनाई आहे. मोजके अपवाद आहेत. त्यातला सर्वांत ओळखीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणं हेही बाळगणंच मानलं जाऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. मित्राने नंतर शिकारीचा कोर्स केला, परवाना काढला, वकिलाला एकदा विचारलं, आणि मगच आला.

दुसरं, रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कधीही एक असता कामा नये. मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर अमेरिकेहून आलेल्या माणसाच्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एखादं काडतूस सापडतं आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, हे अधूनमधून घडतच असतं. नकळत राहिलं होतं, जाणूनबुजून बाळगलं नव्हतं, हा युक्तिवाद न्यायालयं अनेकदा मान्य करतात आणि गुन्हा रद्दही होतो. पण तोवर सुट्टी गेलेली, तिकीट गेलेलं आणि वकिलाची फी दिलेली. रिकामी पुंगळी सापडली तरी उत्तरं द्यावी लागतातच. त्यामुळे माझी रेंजची बॅग भडक केशरी रंगाची आहे, गॅरेजमधल्या खुंटीवर टांगलेली असते आणि घरात येत नाही. मुलगी एकदा शाळेच्या सहलीसाठी ती मागत होती. तिला त्याच दिवशी दुकानात नेऊन नवी घेऊन दिली.